दाढ तीच, साल वेगळं

तुमच्या खालच्या जबड्यातली डावीकडची पहिली मोठी दाढ उभी चिरली आहे. सुपारीचं खांड अडकित्त्याऐवजी दाढेने फोडायला गेलात आणि कट्‌ झालं. चीर पुढून मागे गेली आहे आणि खाली थेट दोन मुळं जिथे फुटतात त्या फाट्यापर्यंत उतरली आहे. दाढ जागेवरच आहे, पण तिची दोन शकलं झाली आहेत: एक गालाकडचं, एक जिभेकडचं. घास चावला की ती जराशी फाकतात, दाब सुटला की मिटतात. कळ येते ती चावताना नव्हे, दाब सोडताना. आठवड्याभरात हिरडीवर बारीक पुळी आली आहे. बोटाने दाबली की खारट काहीतरी जिभेवर येतं.

ही दाढ सांधणार नाही. मोडलेला हात सांधतो, कारण हाडात रक्त फिरतं, नव्या पेशी येतात, मधली फट हाडच भरून काढतं. दाताच्या कठीण आवरणात पेशीच नसतात आणि आतल्या थराला तडा ओलांडून जुळणं जमत नाही. उलट त्या फटीतून तोंडातले जंतू मुळाच्या कडेने हाडापर्यंत पोचतात. चीर पडली दाढेला, पण झिजायला लागलं हाड.

हीच दाढ घेऊन तुम्हाला मागे जायचं आहे. दाढ बदलता येणार नाही, साल बदलता येईल. प्रत्येक मुक्कामी दोनच गोष्टी पाहायच्या: ही काढतात कशी, आणि हिच्या जागी काय येतं.

गंगेकाठी, सुश्रुतांच्या परंपरेत

इथे नेमकं साल घालता येत नाही. सुश्रुतसंहितेवरून कित्येक पिढ्यांचे हात फिरले आहेत. तुम्ही वैद्यासमोर बसला आहात, मागे एक जण तुमचं डोकं घट्ट धरून उभा आहे. वैद्याचा पहिला प्रश्न असतो, दाढ वरची की खालची? खालची म्हटल्यावर तो पुढे सरकतो. वरचा दात हलत असला तरी उपटू नये असा ग्रंथाचा दंडक आहे. त्याने रक्त फार जातं, डोळा जातो, तोंड वाकडं होतं, असं तिथे बजावलेलं आहे. तुमचं नशीब एका ओळीने वाचलं.

मग तो हिरडीवरची पुळी दाबतो आणि तिच्या तोंडाशी सळई लावून पुवाची वाट कुठवर जाते ते पाहतो. या वाटेला तो नाडी म्हणतो. अशा दाताची हयगय केली तर नाडी जबड्याचं हाड फोडते, म्हणून दात मुळासकट काढायचा, हा त्याचा निर्णय. त्याच्या बोलण्यात दातापेक्षा हाडाची काळजी जास्त आहे, हे लक्षात ठेवा; पुढच्या बऱ्याच मुक्कामांवर ती सापडणार नाही.

हत्याराचं वर्णन पुढे वाग्भटांच्या अष्टांगहृदयात मिळतं: चार अंगुळं लांब, तोंड बाणाच्या पिसाऱ्यासारखं. तुम्हाला त्याचं वर्णन ऐकायला वेळ नाही. डोकं धरणारा हात आवळतो आणि पुढचं सगळं तुमच्या घशातून बाहेर पडतं. रिकाम्या खाचेला क्षाराचा किंवा अग्नीचा डाग दिला जातो. खाच भरून आली की वैद्याचं काम संपलं. दाढेच्या जागी काही येत नाही. उरलेलं आयुष्य तुम्ही उजवीकडून चावायचं.

उलुआचं खोरं, होंडुरास, इ. स. ६०० च्या आसपास

माया संस्कृतीच्या या प्रदेशात तुमच्या दाढेला कोणी विचारत नाही. पाहायचं आहे ते समोरच्या माणसाच्या तोंडात. त्याच्या खालच्या पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे तीन तुकडे आहेत. दाताच्या आकाराला घासून, खालचं टोक निमुळतं करून ते सरळ खाचेत ठोकून बसवलेले. दातांना सोन्याच्या पट्टीने बांधलेले खोटे दात प्राचीन इटलीतल्या एत्रुरियातही मिळाले असते, पण ते शेजाऱ्यांच्या आधाराने लटकतात. हे तुकडे हाडात उभे आहेत.

हा जबडा १९३१ मध्ये विल्सन पोपेनो आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांना उलुआच्या खोऱ्यातल्या प्लाया दे लोस मुएर्तोस इथल्या उत्खननात सापडला आणि हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात गेला. मृताला सजवून पुरताना शिंपले बसवले असावेत, असंच आधी वाटलं होतं. १९७० च्या सुमारास ब्राझीलचे दंतवैद्य आमादेओ बोबियो यांनी त्याचे एक्स-रे काढले, तेव्हा दोन तुकड्यांभोवती घट्ट हाड वाढलेलं दिसलं. मेलेल्या माणसाचं हाड वाढत नाही. शिंपले जिवंतपणी बसले होते आणि हाडाने त्यांना धरून ठेवलं होतं. बसवणाऱ्याला हे का जमलं ते कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून ती युक्ती त्याच खोऱ्यात राहिली. पुढची तेराशे वर्षं माणसं दाताच्या खाचेत काय काय घालून पाहणार आहेत, आणि हाड बहुतेक सगळं बाहेर ढकलणार आहे.

पॅरिस, १७२९

पाँ नफ पुलावर नगारा वाजतो आहे. गाडीवर उभा असलेला तो अगडबंब माणूस म्हणजे ग्राँ तोमा, शहरातला सगळ्यांत नावाजलेला दात उपटणारा. यंदा राजाला मुलगा झाला, त्या आनंदात त्याने लोकांचे दात फुकट उपटण्याची दवंडी पिटली आहे. नगाऱ्याचा उपयोग गर्दी जमवायला होतो, तसा तुमचं ओरडणं झाकायलाही होतो.

त्याच्या हातातल्या हत्याराला पेलिकन म्हणतात. एका बाजूला पक्ष्याच्या चोचीसारखा आकडा, दुसऱ्या बाजूला गोल टेकू. टेकू तुमच्या हिरडीवर आणि शेजारच्या दातावर रेटायचा, आकडा दाढेच्या जिभेकडच्या अंगाला अडकवायचा आणि मनगटाला झटका द्यायचा. धडधाकट दाढ यात कधी अख्खी येते, कधी शेजारणीला घेऊन येते, कधी हाडाचा कपचा घेऊन येते. तुमची तर आधीच दुभंगलेली. आकड्याबरोबर जिभेकडचं शकल येतं, ग्राँ तोमा ते उंच धरून लोकांना दाखवतो, टाळ्या पडतात. गालाकडचं शकल आणि मुळं तोंडातच आहेत. पण त्याने पुढच्याला वर बोलावलं आहे.

गालफड धरून तुम्ही प्येर फोशारकडे जाता. गेल्याच वर्षी, १७२८ मध्ये, त्याचा दंतवैद्यकावरचा दोन खंडांचा ग्रंथ छापून निघाला आहे. तो तुम्हाला जमिनीवर बसवत नाही. इतर लोक रोग्याला खाली बसवून त्याचं डोकं गुडघ्यांत दाबतात. फोशार हात टेकायला असलेल्या खुर्चीत बसवतो आणि आधी उजेडात नीट पाहतो. दाताला कीड लागते म्हणजे आत खरोखरचा किडा असतो, ही समजूत त्याला मान्य नाही, कारण शोधूनही त्याला किडा दिसलेला नाही. त्याच वेळी दातदुखीवर स्वतःच्याच लघवीने चूळ भरण्याचा उपायही तो लिहून ठेवतो. शकल आणि मुळं तो एकेक करून काढतो. भूल नाहीच, पण घाईही नाही. रिकाम्या जागी शेजारच्या दातांना बांधून हस्तिदंताचा किंवा तत्सम दात लावता येईल, पण तो दिसण्यापुरता. त्याने सुपारी राहू द्या, पावही चावला जाणार नाही.

लंडन, १७८७

दाराशी उभं राहा आणि आत बघा. थॉमस रोलंडसन याच वर्षी ज्या दृश्याचं बोचरं व्यंग्यचित्र काढणार आहे, ते तुमच्यासमोर घडतं आहे. एका खुर्चीत रेशमी झग्यातली बाई, शेजारच्या खुर्चीत चिमणी झाडणारं काजळी माखलेलं पोर. पोराचा पुढचा दात उपटायचा आणि गरम असतानाच बाईच्या रिकाम्या खाचेत बसवायचा. पोराला चार नाणी. पहिल्याचा दात बसला नाही तर दुसरं पोर तयार ठेवायचं.

या प्रकाराला वजन आलं ते जॉन हंटर या थोर शल्यविशारदामुळे. त्याने माणसाचा ताजा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला, पुढे तो तुरा कापून पाहिला आणि दाताचं व तुऱ्याचं नातं जुळल्याचं त्याला दिसलं. तो नमुना लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. १७७१ च्या त्याच्या ग्रंथानंतर, सजीव दात सजीव खाचेत रुजतो, हे पैसेवाल्यांनी वेदवाक्य मानलं.

तुमची पाळी आली तर दंतवैद्य मान हलवतो. पुढचे दात एका मुळाचे असतात. दोन मुळांची दाढ तुमच्या खाचेत हुबेहूब बसेल अशी कुणाच्या तोंडात शोधायची? ते बरंच झालं. बाईचा नवा दात रेशमी दोऱ्याने शेजारच्या दातांना बांधला जातो. काही महिने, फार तर काही वर्षं तो उभा राहील. दरम्यान तिचं शरीर त्या परक्या मुळाला हळूहळू खाऊन टाकेल. पोराच्या अंगातला रोग दाताबरोबर तिच्याकडे येण्याची भीती वेगळीच. उपदंश असा पसरल्याच्या तक्रारी आताच कानावर येऊ लागल्या आहेत.

हंटरचं चुकलं ते दाताच्या बाबतीत. प्रश्न त्याने बरोबर धरला होता: आत घातलेल्या वस्तूला शरीर आपलं म्हणतं का? उत्तर मिळेपर्यंत लोकांनी सोपा मार्ग धरला. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर मेलेल्या तरुण सैनिकांचे दात उपटून कवळ्यांत बसवले गेले, आणि असल्या कवळ्यांना वॉटर्लूचंच नाव चिकटलं.

हार्टफर्ड, अमेरिका, डिसेंबर १८४४

परवा, १० तारखेला, गार्डनर कोल्टन नावाच्या गृहस्थाने तिकीट लावून हास्यवायूचा खेळ केला. वायू ओढून स्टेजवर उड्या मारणाऱ्या एकाच्या पायाला चांगली जखम झाली, आणि त्याला पत्ताच नाही. सगळे हसले, प्रेक्षकांत बसलेला होरेस वेल्स हा दंतवैद्य हसला नाही. दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला, त्याने कोल्टनकडून तो वायू स्वतः ओढला आणि जॉन रिग्ज या सहव्यावसायिकाकडून स्वतःची दाढ उपटवून घेतली. दुखलं नाही.

आज त्याच्या खुर्चीत तुम्ही आहात. तोंडाशी पिशवीची नळी, गोडसर वास, हातापायांत मुंग्या, आवाज लांब गेल्यासारखे. चिमटा दाढेला लागल्याचं कळतं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडात चाललं आहे असं वाटतं. भानावर येता तेव्हा दाढेचे तुकडे बशीत आहेत.

पुढच्या महिन्यात बॉस्टनच्या डॉक्टरांसमोर वेल्सचा प्रयोग फसेल, रोगी कण्हेल आणि सभागृहात हुर्यो उडेल. १८४६ च्या सप्टेंबरात त्याचाच जुना भागीदार विल्यम मॉर्टन ईथर देऊन दात काढेल आणि १६ ऑक्टोबरला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ईथरच्या भुलेखाली जाहीर शस्त्रक्रिया घडवून इतिहासात नाव कमावेल. वेल्स १८४८ मध्ये तुरुंगात आत्महत्या करेल.

भुलेमुळे वेदना गेली हे तर खरंच. पण तुमच्या दाढेच्या हिशेबाने त्याहून मोठी गोष्ट घडली: काढणाऱ्याला वेळ मिळाला. आजवर कौशल्य म्हणजे वेग होता. झटका जितका जोरात तितका रोगी लवकर सुटायचा, मग हाडाची भिंत फुटली तरी चालायचं. रोगी शांत पडून राहिला तर दाढ सावकाश, तुकड्या-तुकड्याने, हाडाला न दुखावता काढता येते. पुढे १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन बनवलं. आज तुमच्या डॉक्टरच्या सिरिंजमध्ये असतं ते बहुधा तेच.

ब्राउनश्वाइग, जर्मनी, जानेवारी १८९६

रोंटगेन यांचा क्ष-किरणांचा शोध जाहीर होऊन जेमतेम दोन आठवडे झाले आहेत. ओटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने काचेची फोटो-प्लेट काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळून स्वतःच्या तोंडात धरली आहे. नळीसमोर असं २५ मिनिटं पडून राहायचं. लाळ गिळायची नाही, जबडा हलवायचा नाही. तुम्ही त्याच्या शेजारी झोपा. पुढच्या पिढीतल्या कित्येकांची बोटं आणि केस या किरणांनी जातील, हे इथे अजून कोणालाच माहीत नाही.

प्लेटवरचं चित्र धूसर आहे. तरी आजवरच्या सगळ्या मुक्कामांवर हिरडीआड असलेलं काहीतरी आता उजेडात येतं: दाढेची मुळं, आणि त्यांच्याभोवतीचं हाड. यापुढे दाताचा डॉक्टर दात काढण्याआधी हाड पाहू शकेल. त्यात काय रोवावं, हे मात्र त्याला अजून साठ-सत्तर वर्षं कळायचं नाही.

गोथेनबर्ग, स्वीडन, १९६५

ते कळलं एका माणसाला, आणि तो दातांचा डॉक्टर नव्हता. १९५२ मध्ये लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते जिवंतपणी पाहू इच्छित होता. त्याने टायटॅनियमची लहानशी नळकांडी करवून घेतली, त्यांत भिंगं बसवली आणि ती हाडांत रोवली. प्रयोग संपला. नळकांडी महाग, पुन्हा वापरायची होती. ती निघेनात. हाड धातूला असं भिडलं होतं की एकाला सोडवायचं तर दुसऱ्याला तोडावं लागावं.

दुसरा कोणी असता तर चडफडून नवी नळकांडी मागवली असती. ब्रोनेमार्क यांनी रक्तप्रवाहाचा विषय बाजूला न टाकता, त्याच्या शेजारी हा नवा विषय उघडला. कारण हळूहळू स्पष्ट झालं. टायटॅनियमला हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. शरीराची गाठ पडते ती या थराशी, धातूशी नव्हे. आणि हा थर रक्तात विरघळत नाही, भोवतालच्या पेशींना डिवचत नाही. हाडाच्या पेशी येतात आणि थेट त्याला चिकटून हाड घालतात.

१९६५ मध्ये, गोथेनबर्गमध्ये, खुर्चीत गोस्टा लार्सन बसले आहेत. वय ३४. टाळू आणि जबडा जन्मापासून सदोष, खाली दात नाहीत. ब्रोनेमार्क त्यांच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवतात आणि हिरडी शिवून टाकतात. मग थांबतात. काही महिने त्या स्क्रूंवर काहीही लादायचं नाही, हाडाला काम करू द्यायचं. नंतर त्यांवर दात चढतात. लार्सन २००६ मध्ये वारले तोवर, चाळीस वर्षांहून जास्त काळ, ते स्क्रू जागेवर होते.

तुमची पाळी इथेही नाही. सुरुवातीला ही चिकित्सा अख्खा जबडा रिकामा झालेल्यांसाठीच होती, आणि स्वीडनमधले बरेच प्राध्यापक तिला भोंदूपणा समजत होते. १९८२ मध्ये टोरांटोच्या परिषदेत वर्षानुवर्षांची आकडेवारी मांडली गेली, तेव्हा जगाने मान डोलावली. एकेकट्या दातासाठी असा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, त्यानंतर रुळला. पण गाठ सुटली ती इथेच. दात काढणारे शतकानुशतकं दाताकडे पाहत राहिले, आणि हाडाकडे पाहत बसलेल्याला दात सापडला.

पुणे, आज

डॉक्टरबाई तुम्हाला एका काडीवर दाढ टेकवून चावायला लावतात आणि सोडायला सांगतात. सोडताना तुम्ही कळवळता. मग बारीक मोजपट्टीसारखी सळई हिरडीत फिरवतात. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर, आणि एकाच अरुंद जागी सळई एकदम नऊ मिलिमीटर खाली. "हे बघा," त्या एक्स-रेवर बोट ठेवतात. चीर नीट दिसत नाही, पण मुळाभोवती काळी सावली आहे. "इथलं हाड गेलंय. कॅप घालून ही नाही वाचणार. काढावी लागेल."

तुम्ही विचारता, शेजारच्या दोन दातांवर ब्रिज केला तर? होईल, त्या म्हणतात, पण त्यासाठी दोन्ही चांगले दात चहूबाजूंनी घासावे लागतील, आणि मधल्या जागेतलं हाड तरीही खचत जाईल. दात गेल्यावर खाचेच्या हाडाची रुंदी वर्षभरात सुमारे निम्म्याने घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्यामुळे दाढ काढायच्या दिवशीच इम्प्लांट सुरू होतो, स्क्रू त्या दिवशी बसो वा न बसो.

सुई जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात जाते. पाच-सात मिनिटांत अर्धा ओठ जड होतो. "दुखलं तर डावा हात वर करा." हात वर करायची वेळ येत नाही. दाब जाणवतो, करकर ऐकू येते. डॉक्टरबाई दाढ हलवत नाहीत, कापतात. बारीक बरने मुळं वेगळी करतात, मग पातळ पात्याचं हत्यार दात आणि हाडाच्या मधल्या तंतूंत घालून एकेक तुकडा मोकळा करतात. गालाकडची हाडाची भिंत झटक्याने फुटू शकते. सगळी कसरत ती वाचवण्यासाठी चालली आहे. तुकडे निघतात. दोन शकलांच्या मधल्या पृष्ठभागावर काळसर डाग आहे, जंतूंच्या येण्याजाण्याची वाट.

खाच खरवडून स्वच्छ होते. पू होता म्हणून स्क्रू आजच बसवत नाहीत. संसर्ग नसता आणि चारी भिंती शाबूत असत्या तर एकाच बैठकीत बसवता आला असता. खाचेत हाडाची पूड भरायची आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर इथे थांबून विचाराल, कसली पूड? प्रश्न डॉक्टरबाईंना नवा नाही. गाईगुरांच्या हाडापासून केलेली मिळते, कृत्रिमही मिळते, म्हणून आधीच विचारून ठेवलेलं बरं. वर पडदा, दोन टाके, कापसाचा बोळा. "तासभर घट्ट चावून धरा. आज थुंकायचं नाही, चूळ नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. तंबाखू तर अजिबात नाही."

तीन-चार महिन्यांनी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, निघतो. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस जाते. स्क्रूचं टोक आणि ती नस यांच्यात किमान दोन मिलिमीटर अंतर हवं. मग पुन्हा भूल, हिरडीला छोटा छेद, आणि एकापेक्षा एक जाड अशा ड्रिलने भोक. ड्रिलवर सतत सलाइनची धार सुरू असते, कारण हाड ४७ अंश सेल्सियसच्या वर मिनिटभर तापलं तरी ते मरतं, आणि मेलेलं हाड काहीच धरत नाही. साडेचार मिलिमीटर रुंद, दहा मिलिमीटर लांब स्क्रू आट्यांवर फिरत आत जातो. आवळायचा पाना ठरावीक जोरापुढे सटकतो. आज तो स्क्रू केवळ आट्यांवर उभा आहे. पुढच्या काही आठवड्यांत त्याच्याभोवतीचं जुनं हाड थोडं विरेल आणि नवं घातलं जाईल. मधल्या काळात पकड उलट कमी होते. ज्यांना हे सांगितलेलं नसतं ते "आता दुखत नाही" म्हणून त्याच बाजूने चणे खातात.

आणखी तीन महिने. फार काही घडत नाही असं तुम्हाला वाटतं, आणि खरं काम याच काळात होतं. डॉक्टर, कंपनी, यंत्र यांपैकी कोणालाही ते घाईने उरकता येत नाही. तुमचं साखरेचं प्रमाण आणि तुमची सिगारेट मात्र ते बिघडवू शकतात.

शेवटी स्क्रूवर खुंटी, खुंटीवर झिर्कोनियाची कॅप. डॉक्टरबाई निळा कागद दातांत धरायला लावतात, चावायला सांगतात, डाग पाहून घासतात. तुमचे खरे दात तंतूंच्या पातळ गादीवर बसलेले आहेत, चावताना ते सूक्ष्म दबतात; इम्प्लांटला ती गादी नाही, तो हाडात थेट उभा. म्हणून त्याच्यावरचा दाब शेजाऱ्यांपेक्षा जरा हलका ठेवायचा. फाईलमध्ये स्क्रूच्या बॅच नंबरचा स्टिकर चिकटवला जातो. तो जपून ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्क्रू सैल झाला तर त्याचा पाना याच नंबरावरून सापडेल. टायटॅनियमला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी सुजते आणि हाड झिजू शकतं. सहा महिन्यांनी तपासायला जाल तेव्हा एक्स-रेवर ते हाडच पाहिलं जाईल.

बिल पाहून घ्या. कॅपसकट एका इम्प्लांटचा खर्च शहरात सहज तीस-चाळीस हजारांच्या घरात जातो. त्यामुळे आजच्याच तारखेला, याच राज्यात, तुमच्यासारखी दाढ चिरलेली कित्येक माणसं गंगेकाठच्या त्या वैद्याकडून निघालेल्या माणसासारखीच घरी जातात: दाढ काढून, रिकाम्या जागेनिशी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत दाढ काढायला फारसे पैसे पडत नाहीत. अडतं ते पुढच्यावर. तुमच्यावर किंवा घरातल्या कोणावर ही वेळ आली आणि इम्प्लांटचे पैसे आत्ता नसतील, तरी दाढ काढण्याआधी डॉक्टरांना एक वाक्य सांगा: पुढे इथे दात बसवायचा आहे. मग ती दाढ झटक्याने न उपटता कापून काढली जाईल, भिंत वाचेल, जमल्यास खाच भरली जाईल. पैसे दोन वर्षांनीही जमवता येतात. खचलेलं हाड परत उभं करायला मात्र वेगळे पैसे लागतात, आणि तेही दरवेळी जमतंच असं नाही.